शायलोबेकचं मत

आमच्याकडे मुलांची नावं ठेवताना कुणी फार डोकं शिणवत नाही. बाजाराच्या दिवशी झाला तो बाजारबाय, पावसात झाला तो जामगिरबेक. शायलोबेक निवडणुकीच्या दिवशी झाला, आणि शायलो म्हणजे निवडणूक. विषय संपला.

बासष्ट सालचा मार्च महिना होता. नारीनच्या खोऱ्यात अजून गुडघाभर बर्फ होता. त्याची आई कालीमान हिचे दिवस भरत आले होते आणि सासूनं बजावलं होतं, घरातून हलायचं नाही. पण मतदानाच्या दिवशी शाळेत खास दुकान लागायचं. लिंबाच्या सरबताच्या बाटल्या, चांदीच्या कागदातल्या गोळ्या आणि सॉसेज. एरवी वर्षभर या वस्तू डोळ्यांनाही दिसत नसत. मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता, कागदावर नाव एकच असायचं. आपण पोचेपर्यंत सॉसेज संपणार तर नाही, एवढाच काय तो प्रश्न. कालीमान बर्फावरच्या घोडागाडीत बसून गेली, कागद पेटीत टाकला, सॉसेजच्या रांगेत उभी राहिली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या. शिक्षकांच्या खोलीत, भिंतीवरच्या नकाशाखाली, मुलगा झाला. जिल्ह्याहून आलेला साहेब खूश झाला आणि म्हणाला, याचं नाव शायलोबेकच ठेवा. कालीमान ही हकिगत सांगायची तेव्हा मुलाच्या जन्मापेक्षा सॉसेजवरच जास्त रेंगाळायची. ते तिला मिळालं होतं. रांगेतल्या बायकांनी तिच्या वाट्याचं राखून ठेवलं होतं.

हे नाव घेऊन शायलोबेक मोठा झाला. कुठलीही निवडणूक आली की पोरं ओरडायची, "शायलो आली रे, तुझा वाढदिवस!" उन्हाळ्यात तो मेंढ्यांबरोबर वरच्या कुरणांवर, म्हणजे जायलोवर गेला की म्हातारे हटकून म्हणायचे, "शायलो निघाली जायलोला!" आणि स्वतःच खो खो हसायचे. पलटणीत रशियन पोरांनी त्याला साशा करून टाकलं तेव्हा त्याला खरं तर बरंच वाटलं. परत येऊन तो कोल्खोजच्या, म्हणजे गावाच्या सामाईक सरकारी शेतीच्या, गाडीवर चालक झाला. पुढे देश मोडला, कोल्खोज मोडली, मेंढ्या कुठे गेल्या ते कुणाला कळलं नाही, आणि वाटणीत शायलोबेकच्या हाती आली ती पावाच्या लादीसारखी दिसणारी जुनी राखाडी गाडी. तिला सगळे पावच म्हणत. इंजिन निम्मं उघडं होतं. त्यानं ते जोडलं, चालवलं, आणि त्याच गाडीवर बुरुलचा नावाची बायको आणि दोन मुली पोसल्या. बोलायला तो कमी. रागवायला मात्र पक्का. एकदा रागावला की तो राग गाडीच्या सुट्या भागांसारखा जपून ठेवायचा.

त्यातला सगळ्यात मोठा राग एस्तेबेसवर होता.

एस्तेबेस त्याच्या वर्गातला. एका बाकावर बसले, एकाच शिक्षकाच्या हातचा मार खाल्ला. पुढे एस्तेबेस शाळेत कवायतीचा मास्तर झाला आणि निवडणूक आली की मतदान केंद्राचा प्रमुखही तोच. पंधरा वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत शायलोबेकला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून मत द्यायचं होतं. कारण उभा होता कोल्खोजचा जुना मुख्य, ज्याच्या काळात मेंढ्या गेल्या तोच, आणि त्याच्यासमोर एक जनावरांचा डॉक्टर. शायलोबेकनं दाढी केली, पांढरी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, टोपी घातली आणि दुपारी शाळेत गेला. यादीत त्याच्या नावापुढे सही आधीच होती.

"तुझं झालंय," एस्तेबेस म्हणाला.

"माझं कसं झालं? मी आत्ता येतोय."

"झालंय म्हणतोय ना. जा, घरी जाऊन चहा पी."

"एस्तेबेस, ही सही माझी नाही. मी काय असलं कोंबडीच्या पायासारखं लिहितो?"

"अरे, मागे रांग आहे. कशाला तमाशा करतोस?"

तमाशा झालाच. शायलोबेकनं टेबल ढकललं, यादीवर शाई सांडली, आणि एका तरण्या पोलिसानं त्याला दंडाला धरून शाळेबाहेर नेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं: शायलोला शायलोतून हाकललं! आणि निवडून आला तो कोल्खोजचा मुख्यच.

त्या दिवसापासून शायलोबेक मतदानाला गेला नाही आणि एस्तेबेसशी बोलला नाही. आमचं कारा-बुलुंग गाव ते केवढं! एकच रस्ता, एकच दुकान, पाण्याचा नळ एक. अशा गावात एखाद्याशी पंधरा वर्षं न बोलणं म्हणजे रोजचं काम आहे. दुकानात एस्तेबेस असला की शायलोबेक बाहेर टायर तपासत उभा राहायचा. एस्तेबेसच्या मुलाचं लग्न झालं, सगळा गाव जेवला, शायलोबेक घरी बसून कार्बुरेटर धूत राहिला. बुरुलचा मागच्या दारानं जाऊन जेवून आली.

मग ते साल आलं ज्या साली सरकारनं ठरवलं की आता सगळ्यांच्या बोटांचे ठसे घ्यायचे. ठसे, फोटो आणि सही. ज्यानं ठसे दिले नाहीत त्याचं नाव मतदार यादीत येणार नाही, आणि संसदेची निवडणूक शरदात होती. गावातल्या लोकांचे ठसे पंचायतीच्या कचेरीत घेतले गेले. पण उन्हाळा होता, अर्धं गाव वरच्या कुरणांवर. तिथे मशीन न्यायचं तर गाडी पाहिजे, आणि त्या रस्त्यानं जाणारी गाडी एकच.

"मी नाही जात," शायलोबेक म्हणाला.

"अहो, गाडी जाणार आहे," बुरुलचा म्हणाली. "तुम्ही नुसते तिच्यात बसा. आणि आपांनाही भेटून होईल. साय संपलीय घरातली."

कालीमानला सगळा गाव आपाच म्हणे. ती धाकट्या मुलाबरोबर, आयदरालीबरोबर, उन्हाळाभर कुरणावरच असायची.

जिल्ह्याहून आली ती आयझिरेक. पंचविशी ओलांडलेली, डोक्याला रुमाल, पायात धावायचे बूट, हातात काळी पेटी. पेटीत ते मशीन. बरोबर एक छोटा जनरेटर, एक पुठ्ठ्याचा डबा आणि चित्रांच्या कागदांचा गठ्ठा. ठसे घेणं हे तिचं एक काम, आणि मत म्हणजे काय, ते कसं द्यायचं, ते लोकांना समजावणं हे दुसरं. पेटी गाडीत ठेवताना ती, थोरल्या भावाला म्हणतात तसं बाइके म्हणत, म्हणाली,

"शायलो-बाइके, आधी तुमचेच ठसे घेऊ या. मशीन नीट चालतंय का तेही कळेल."

"मशीन चालवायचं काम तुझं. गाडी चालवायचं माझं."

"म्हणजे तुम्ही अजून दिलेच नाहीत?"

"माझं मत देणारे दुसरे आहेत. मी कशाला त्रास घेऊ?"

आयझिरेकनं त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी विचारणार होती, पण गाडी नदीच्या पात्रात उतरली आणि तिला पेटी दोन्ही हातांनी धरून बसावं लागलं.

पहिला मुक्काम जुमादिलकडे. जुमादिल मोठा मेंढपाळ, तोंडाचा तिखट. नमद्याच्या चार-पाच तंबूंमधली माणसं जमली. कुमिसचे, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, वाडगे फिरले. कुणी पेटीच्या जवळ जाईना.

"ठसे घेतले की बँकवाले आपल्या नावावर पैसे उचलतात म्हणे," एक जण म्हणाला.

"तुझ्या नावावर कोण देणार रे?" जुमादिल म्हणाला. "तुला तर दुकानवाला काडेपेटी देत नाही."

"आणि माझा पोरगा मॉस्कोत आहे," एक बाई म्हणाली. "इथे ठसे दिले की तिथे पकडतात, असं ऐकलं."

आयझिरेक बसून सगळं ऐकत होती. मग तिनं एकेकाला उत्तर दिलं. ठसे कुठे जातात, कुणाला दिसतात, कुणाला दिसत नाहीत. मॉस्कोचा आणि याचा संबंध नाही. जिथे तिला नक्की माहीत नव्हतं तिथे ती म्हणाली, हे मला माहीत नाही, विचारून सांगते. हे ऐकून जुमादिल जरा सरळ बसला. कचेरीतून आलेल्या माणसाच्या तोंडून 'माहीत नाही' असं त्यानं बहुधा पहिल्यांदा ऐकलं असावं.

मग तिनं पुठ्ठ्याचा डबा पुढे ठेवला. वरती फट होती. "आता सराव," ती म्हणाली. "समजा, कुरणावर एकच गोष्ट होणार आहे. ओढ्यावर पूल, नाही तर महिन्यातून एकदा फिरता दवाखाना. दोन्हींची चित्रं कागदावर आहेत. ज्याला जे हवं त्यावर खूण करा आणि आत टाका. पडद्यामागे जाऊन, एकट्यानं."

जुमादिलनं दोन कागद उचलले.

"एकच," आयझिरेक म्हणाली.

"दुसरा बायकोचा. ती दूध काढतेय. ती आणि मी काय वेगळे आहोत?"

"वेगळी आहे!" बाहेरून घोडीच्या पलीकडून आवाज आला. जुमादिलची बायको हात पुसत आत आली. "मला पूल नको. पूल झाला की तुझे ते पत्तेवाले मित्र रोज येतील. ओढा आहे म्हणून तर आठवड्यातनं एकदा येतात."

तंबूत एवढा हशा पिकला की कुत्री भुंकायला लागली. शायलोबेक दाराशी बसला होता. तोही हसला, पण लगेच वाडग्यात तोंड घातलं. त्या दिवशी तिथल्या बहुतेकांनी ठसे दिले. जुमादिलनं सगळ्यात शेवटी, आणि बोट काचेवर दाबताना मेंढीला औषध पाजताना करतो तसं तोंड केलं.

असं एकेक मुक्काम करत ते शेवटच्या कुरणावर पोचले, जिथे कालीमान होती. पंचाहत्तरीची बाई, पण घोडीचं दूध अजून स्वतः काढायची. गाडी पाहून ती बाहेर आली, आमच्याकडे म्हाताऱ्या घेतात तसा मुलाच्या कपाळाचा वास घेतला आणि म्हणाली, "वाळलास. ती बुरुलचा खायला घालते की नाही?"

"घालते, आपा."

"आणि ही कोण? दुसरी बायको केलीस?"

"सरकारी आहे ती, आपा. हळू बोल."

चहा झाला, कणकेचे तळलेले बोरसोक आणि साय झाली. शेजारच्या तंबूतली माणसं आली. आयझिरेकनं पुन्हा तेच सगळं सांगितलं, पुन्हा डबा पुढे ठेवला. कालीमान खुशीत होती. निवडणूक म्हटलं की तिला अजून लग्नघरासारखं वाटायचं. ती उठली आणि गठ्ठ्यातून कागद काढायला लागली. एक, दोन, तीन. ती काढतच होती.

"आपा, तुम्ही एकच टाकायचा," आयझिरेक म्हणाली.

"हो गं. हा माझा. हे मुलांचे. मला चार मुलगे आहेत."

"त्यांचं त्यांनी टाकायचं, आपा."

"ते कधी येतात? कामं असतात त्यांना. मी तर नेहमी सगळ्यांचं टाकते. सकाळी लवकर जाते, सगळ्यांचं उरकून टाकते." मग शायलोबेककडे हनुवटी करून ती म्हणाली, "याचंसुद्धा मीच टाकलं होतं ना, त्या वर्षी. आणि हा नंतर जाऊन भांडला."

आयदरालीनं बोरसोक तोंडात घातला होता, तो चावायचा थांबला.

शायलोबेकनं वाडगा खाली ठेवला. "कुठल्या वर्षी?"

"अरे, तेच. टेबल पाडलंस ते वर्ष."

"सही तू केलीस?"

"मग कोण करणार? एस्तेबेसनं कागद दिले, मी सह्या केल्या. चष्मा नव्हता त्या दिवशी, जरा वाकड्या आल्या."

"आपा, मी भांडून घरी आलो तेव्हा तू चुलीपाशी बसली होतीस."

"बसले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू असा पेटला होतास की म्हटलं, उद्या सांगू. उद्या म्हटलं, परवा. मग म्हटलं, विसरला असेल." तिनं कागद नीट रचून गठ्ठ्यावर ठेवले. "बाकीच्या तिघांनी कधी तक्रार केली नाही. तुलाच काय ते मताचं एवढं पडलं होतं."

"आणि दिलंस कुणाला?"

"त्या कोल्खोजच्या मुख्याला. फोटोत किती भरदार दिसत होता. तुझ्या बापासारखा."

शायलोबेक उठला आणि बाहेर गेला. त्यानं गाडीचं बोनेट उघडलं. आत बघण्यासारखं काही नव्हतं, पण तो बघत राहिला. पंधरा वर्षं गाडी चालवताना तो मनातल्या मनात एस्तेबेसला सुनावत आला होता. घाटाघाटाची वेगळी भाषणं होती त्याची. कुठल्या वळणावर काय बोलायचं ते ठरलेलं होतं. ती सगळी आता कुणाला ऐकवायची? आईला? आत ती आयझिरेकला विचारत होती, "पूल कुठल्या बाजूला काढलाय? मला नीट दिसत नाही," आणि आयझिरेक तिला चित्र दाखवत होती.

थोड्या वेळानं आयझिरेक बाहेर आली. शायलोबेकला वाटलं, आता ही समजावणार. पण ती म्हणाली, "जनरेटर सुरू होत नाहीये, बाइके. बघता का जरा?"

त्यानं जनरेटर सुरू करून दिला. कालीमानचे ठसे काही केल्या उमटेनात. आयझिरेकनं तिच्या बोटांना साय चोळली, पुसली, पुन्हा दाबली, आणि ते आले. फोटोसाठी कालीमाननं डोक्याचा पांढरा रुमाल नव्यानं बांधला. सगळं झाल्यावर ती मुलाला म्हणाली, "आता तू बस."

"इथे नाही," शायलोबेक म्हणाला. "गावात एक काम आहे. ते झाल्यावर."

उतरताना ओढा ओलांडल्यावर आयझिरेक म्हणाली, "माझ्या आजोबांनी आमच्या सगळ्या घराची मतं टाकली, बाइके. अगदी मी नोकरीला लागेपर्यंत. मला वाटायचं, तसंच असतं."

एस्तेबेस कोठाराच्या छपरावर गवताची गंजी रचत होता. एकटाच. खाली येऊन गवत दाताळ्यावर घ्यायचं, शिडी चढायची, रचायचं, पुन्हा उतरायचं. गुडघा धरत धरत. शायलोबेकनं गाडी फाटकाशी थांबवली. एस्तेबेसनं वरून पाहिलं.

"काय, गाडी बिघडली?"

पंधरा वर्षांत शायलोबेकला त्या घरासमोर थांबायला दुसरं कारण असूच शकत नव्हतं.

"सही आपानं केली होती," शायलोबेक म्हणाला.

एस्तेबेस छपरावर बसला. "हं. सांगितलं का तिनं?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत नसणार? तुम्हा चौघांचे कागद मीच दिले तिला."

शायलोबेकनं भिंतीला टेकलेलं दुसरं दाताळं उचललं. एक मोठा भारा गवत घेतला आणि वर फेकला, असा की एस्तेबेसच्या अंगावरच पडला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" एस्तेबेस तोंडातलं गवत थुंकत म्हणाला. "सगळ्या रांगेसमोर सांगू, की तुझ्या आईनं तुझं मत टाकलं? तुझी आई! आमच्या घरी आजारपणात रोज दूध पाठवायची ती."

दुसरा भारा वर गेला. पहिल्यापेक्षा जोरात.

"रांगेसमोर नाही. नंतर?"

एस्तेबेस गवत पसरवत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू? नंतर मला भीती वाटली. त्या दिवशी सकाळपासून वरून फोन येत होते. दुपारपर्यंत आकडा पाहिजे, आकडा पाहिजे. जी बाई आली तिला मी घरभराचे कागद दिले. तुझ्या आईला एकटीला नाही दिले. तिचं नाव निघालं असतं तर माझं निघालं असतं, नोकरी गेली असती. तू नुसता माझ्यावर रागावलास, ते मला परवडलं."

"परवडलं तुला."

"हो. मुलाच्या लग्नापर्यंत परवडलं. त्या दिवशी नाही परवडलं. मी दारात उभा होतो संध्याकाळपर्यंत."

"बुरुलचा आली होती."

"तुला ठाऊक होतं?"

"रात्री तिच्या रुमालाला मटणाचा वास येत होता."

एस्तेबेस हसला. शायलोबेक हसला नाही. तो खालून गवत देत राहिला आणि एस्तेबेस वर रचत राहिला. गंजी पुरी झाल्यावर एस्तेबेसच्या सुनेनं ताट आणलं. शायलोबेकनं उभ्या उभ्या पावाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि निघाला. आमच्याकडे कुणाच्या घरून पाव न चाखता निघत नाहीत, म्हणून चाखला, एवढंच. गळाभेट वगैरे काही झाली नाही. गाडीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला अजून राग आहे. फक्त तो आता नेमका कुणाचा ते सांगता येत नव्हतं. थोडा आईचा होता, थोडा एस्तेबेसचा, थोडा त्या फोन करणाऱ्यांचा, ज्यांची तोंडं त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि बराचसा स्वतःचा. त्या दिवशी टेबल ढकलण्याऐवजी 'ही सही कुणी केली?' एवढं विचारून उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसला असता तर?

दुसऱ्या दिवशी तो पंचायतीच्या कचेरीत गेला. आयझिरेक निघायच्या तयारीत होती. तिनं पेटी पुन्हा उघडली. त्याच्या बोटांवर इतकी वर्षं मुरलेलं काळं तेल होतं, मशीन ठसे घेईना. बुरुलचानं कपडे धुवायची पावडर आणली, तो नळावर जाऊन हात घासून आला, पुन्हा बसला.

"बाइके, एक सांगू?" आयझिरेक म्हणाली. "मतदानाच्या दिवशी तुमच्याऐवजी कुणी आलं तर हे मशीन त्याला परत पाठवेल."

"आणि मी कुणाला दिलं ते?"

"ते याला कळत नाही. कागद वेगळा असतो, त्याच्यावर नाव नसतं."

"आणि वरून फोन आले तर?"

आयझिरेकनं मशीनची काच पुसली. "फोन येतील," ती म्हणाली. "फोन यायचे बंद होतात की नाही ते मला माहीत नाही."

शायलोबेकला हे उत्तर पटलं. त्यानं अंगठा काचेवर ठेवला.

ऑक्टोबरात कुरणं रिकामी झाली, कालीमान गावात आली आणि मतदानाचा रविवार उजाडला. शायलोबेकनं सकाळी गाडी काढली. आईला घेतलं, वाटेत दोन म्हाताऱ्यांना घेतलं. शाळेत रांग होती. मशीन मध्येच अडकलं, मग चाललं, मग पुन्हा अडकलं. लोक कुरकुरत होते. एस्तेबेस आता केंद्राचा प्रमुख नव्हता. तो रांगेतच होता, पाच-सहा माणसं पुढे. त्यानं मागे वळून मान हलवली, शायलोबेकनंही हलवली.

शायलोबेकनं बोट ठेवलं तेव्हा समोरच्या पडद्यावर त्याचा चेहरा आला, एवढा मोठा. मागून कालीमान म्हणाली, "बघा तरी, कसा रागीट दिसतोय!" तिचं स्वतःचं बोट पहिल्याच खेपेला जुळलं. कागद घेऊन ती मुलाच्या मागे मागे पडद्याआड जायला लागली, तेव्हा तिथल्या बाईनं तिला अडवलं.

"आपा, एकेकट्यानं."

"अगं, मुलगा आहे माझा."

"मुलगा असला तरी."

कालीमान तिथेच थांबली. शायलोबेक आत बराच वेळ होता. नावं पुष्कळ होती, चौदा पक्ष होते, आणि त्यानं सगळी वाचली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं."

"आईलासुद्धा?"

"आईला तर मुळीच नाही."

ती रुसली. परतीच्या वाटेवर ती त्या दोन म्हाताऱ्यांशी बोलत होती, त्याच्याशी नाही. शायलोबेक शीळ घालत गाडी चालवत होता. बुरुलचा नंतर म्हणाली की लग्न झाल्यापासून तिनं त्याची शीळ ऐकली नव्हती.

त्यानं मत दिलेला पक्ष पडला. संसदेत त्याचा एक माणूससुद्धा गेला नाही. शायलोबेक आठवडाभर सगळ्यांना सांगत होता की लोकांना अक्कल नाही. दुकानात सांगताना एस्तेबेस तिथेच होता. तो म्हणाला, "मला आहे की नाही ते तुला काय ठाऊक? तू कुणाला दिलंस ते तू सांगत नाहीस, मी कुणाला दिलं ते मी सांगत नाही." दुकानदारानं दोघांना बाहेर जाऊन भांडा म्हणून सांगितलं, आणि ते खरोखरच बाहेर गेले. तिथे गाडीच्या सावलीत उभे राहून कोल्खोजच्या मेंढ्या नेमक्या कुठे गेल्या यावर संध्याकाळपर्यंत वाद घालत होते.

पुढच्या उन्हाळ्यात ओढ्याला पूर आला, आजारी माणसाला खाली डॉक्टरकडे नेता येईना, तेव्हा आयझिरेकच्या डब्यातलं ते सरावाचं मतदान जुमादिलच्या बायकोला आठवलं. तिनं कुरणावरच्या बायकांच्या सह्या गोळा केल्या, जिनं तिनं स्वतःची करायची असं बजावून, आणि फिरत्या दवाखान्याचा अर्ज शायलोबेकच्या गाडीतून जिल्ह्याला पाठवला. दवाखाना अजून आलेला नाही. अर्ज पोचल्याची पावती मात्र आली, आणि जुमादिलची बायको दर महिन्याला शायलोबेकला सांगते, की खाली जाणार असलास तर मला घेऊन जा, मी स्वतः जाऊन बसते त्यांच्या दारात.

गेल्या आठवड्यात तो तिला घेऊन गेला.